सर, ते तिकीट कुठंय?

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



मागच्या भागाच्या शेवटी मी म्हटलं होतं की आज आडवळणाचे दहा इंग्रजी शब्द घेऊ, त्यांच्या जन्मकथांसकट. शब्द घेणार आहे, पण दहा नाही होणार. कारण आधी एक चूक कबूल करायची आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय पुढचे शब्द सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

झालं असं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी पूर्वी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायचो. त्यातलाच हा एक, नाशिक रोडचा. अभ्यासू पोरगा. एका ठिकाणी मुलाखतीला गेला होता. छंद काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ती गोळा करतो. समोरच्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, अरे वा, मग सांगा एखादी. यानं 'पॉश'ची सांगितली. अगदी माझ्याच शब्दांत, माझ्याच हातवाऱ्यांसकट सांगितली असणार. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे तुम्ही कुठं वाचलंत?" हा म्हणाला, "आमच्या सरांनी सांगितलं." त्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ही गोष्ट खोटी आहे, तुम्हाला माहीत नव्हतं का?"

नोकरी मिळाली नाही. त्या एका उत्तरामुळं गेली असं मी म्हणणार नाही, तोही म्हणत नाही. पण फोनवर तो म्हणाला, "सर, तुम्ही तपासलं होतं का?"

तपासलं नव्हतं. अकरा वर्षं वर्गात सांगत होतो, एकदाही तपासलं नव्हतं. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, मला एकदा सावध करून झालं होतं. वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. ही गोष्ट ऐकून ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मग तसं एखादं तिकीट कुठंतरी असेलच ना? ते कुठंय?" मी म्हणालो, असेल की लंडनच्या म्युझियममध्ये, जा बघून ये. वर्ग हसला. ती बसली.

आता ती गोष्ट काय, ते ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपण मराठीतही सर्रास म्हणतो ना, पॉश एरिया, पॉश फ्लॅट. तर म्हणे, इंग्रज साहेब बोटीनं इंग्लंडहून मुंबईला यायचे, पी अँड ओ कंपनीच्या बोटीनं. येताना बोट पूर्वेकडं चाललेली, म्हणजे डावी बाजू उत्तरेला, सावलीत. परत जाताना उजवी बाजू सावलीत. बोटीच्या भाषेत डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. श्रीमंत माणूस जास्त पैसे मोजून दोन्ही वेळेला सावलीतली केबिन घ्यायचा, आणि त्याच्या तिकिटावर शिक्का पडायचा, पी, ओ, एस, एच. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. झाला पॉश!

काय सुंदर गोष्ट आहे बघा. मुंबई आहे, साहेब आहे, ऊन आहे, पैसा आहे. फक्त तिकीट नाही. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि कंपनीच्या दप्तरातही असल्या शिक्क्याचा मागमूस नाही. हे स्पष्टीकरण छापलेलं दिसायला लागतं ते १९३० च्या दशकात. शब्द मात्र त्याच्या आधीचा. 'पंच' हे इंग्रजी विनोदी साप्ताहिक होतं, त्यात १९१८ साली एका व्यंगचित्रात तरुण अधिकारी आईशी बोलताना हा शब्द वापरतो आणि आईला तो कळत नाही, यावर विनोद आहे. म्हणजे तेव्हा तो पोरांच्या तोंडातला नवा शब्द होता. त्याच्याही मागं जा. १८९० च्या सुमाराच्या एका बोलीच्या कोशात 'पॉश' म्हणजे छानछोकी करणारा माणूस असा अर्थ दिलेला आहे. आणि त्याच्याही आधी लंडनच्या गल्लीबोळांतल्या भाषेत पॉश म्हणजे पैसा, त्यातही अर्ध्या पेनीचं नाणं. हा नाण्याचा पॉश आला रोमानी भाषेतून, तिथं त्याचा अर्थ अर्धा. रोमानी म्हणजे ज्यांना इंग्रज जिप्सी म्हणत त्यांची भाषा. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले, आणि त्यांची भाषा हिंदी-मराठीच्याच कुळातली आहे.

नाण्यापासून छानछोकीपर्यंतचा जोड पक्का लागलेला नाही. म्हणून चांगले कोश तिथं 'मूळ अनिश्चित' असं लिहितात आणि थांबतात. मला पूर्वी हे असं थांबणं फार कंटाळवाणं वाटायचं. वर्गात काय सांगणार, मूळ अनिश्चित?

पण गंमत बघा, ज्या खऱ्या वाटेची शक्यता आहे तीही आपल्या बाजूलाच येते. बोटीच्या केबिनमधून नाही, पालं ठोकत फिरणाऱ्या माणसांच्या तोंडून.

बरं, ही एकच गोष्ट असती तर गोष्ट वेगळी. फोननंतर मी माझ्या जुन्या नोट्स काढल्या आणि घाम फुटला. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. खोटं. 'न्यू'चं ते साधं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. 'टिप' म्हणजे टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस. खोटं. 'गोल्फ' म्हणजे जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन. हे तर खोटं आहेच, वर आचरटही आहे. यातलं निम्मं तुमच्या व्हॉट्सॅपवर या आठवड्यात येऊन गेलं असेल.

यासाठी एक सोपी युक्ती आहे. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची खोड ही मुख्यतः विसाव्या शतकाची, महायुद्धांच्या आणि लष्करी खात्यांच्या काळातली. 'रडार' खरंच तसा बनला, 'लेझर' खरंच तसा बनला. पण आद्याक्षरी शब्दाला 'अ‍ॅक्रोनिम' म्हणतात, तो शब्दसुद्धा १९४० च्या आसपास रूढ झालेला आहे. तेव्हा शे-दोनशे वर्षं जुना शब्द घेऊन कुणी त्याची आद्याक्षरं सोडवायला लागला, की खुशाल चहा प्यायला उठा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं परत येतो. ती नकळत तेच विचारत होती जे ऑक्सफर्डचा मोठा कोश करणारे विचारायचे. १८७९ मध्ये जेम्स मरे या संपादकानं इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना जाहीर आवाहन केलं, की तुम्ही जे वाचाल त्यातले शब्द चिठ्ठीवर उतरवून आम्हाला पाठवा. चिठ्ठीवर काय हवं? शब्द, तो आलेलं पूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव, साल. लाखो चिठ्ठ्या आल्या. मरेनं अंगणात पत्र्याची शेड बांधली होती, तिच्या भिंतीला खण केलेले, त्यात या चिठ्ठ्या. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम संपलं १९२८ मध्ये. मरे त्याआधीच, १९१५ मध्ये गेला. म्हणजे एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर कुणी म्हटलं की हा शब्द अमुक साली असा होता, तर त्याला म्हणता यावं, दाखव चिठ्ठी. दाखव तिकीट.

जाता जाता, हा 'तिकीट' शब्दसुद्धा मजेदार आहे. जुन्या फ्रेंचमध्ये चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठीला एतिकेत म्हणत. त्यातलं पुढचं 'ए' झडून इंग्रजीत 'टिकेट' झालं, आणि तोच फ्रेंच शब्द पुन्हा, वेगळ्या काळात, न झडता आला तो 'एटिकेट', म्हणजे शिष्टाचार. कसं वागायचं ते लिहून ठेवलेली चिठ्ठी. सख्खी भावंडं आहेत ही दोघं.

हे सगळं ऐकून काही जण म्हणतील, सर, मग गोष्टी सांगायच्याच नाहीत का? आम्हाला शब्द लक्षात राहतात ते गोष्टीमुळं. मान्य. मलाही तसंच. पण खरी गोष्ट खोट्यापेक्षा जास्त लक्षात राहते, असा माझा आता अनुभव आहे, कारण तिच्यात एखादा असा खाचखळगा असतो जो कुणाला सुचला नसता.

'सॅलरी' घ्या. रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा म्हणून सॅलरी, हे प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. अर्ध खरं आहे. लॅटिन 'सालारियुम'मध्ये 'साल', म्हणजे मीठ, आहे यात शंका नाही. पण शिपायांना मीठ मोजून दिलं असं सांगणारा एकही जुना रोमन लेख नाही. मीठ आणि पगार यांचं नातं नेमकं कसं जुळलं ते लेखांत सापडत नाही. आपण 'खाल्ल्या मिठाला जागतो', म्हणून आपल्याला ती मिठाची गोष्ट पटकन पटते, एवढंच. आणि हो, आपला 'पगार'? तो पोर्तुगीज. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. तिथं मीठ-बिठ काही नाही.

किंवा 'अंपायर'. हा माझा आता आवडता शब्द आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'नोंपेर', म्हणजे जोडीतला नसलेला, विषम. दोघांचं भांडण झालं की जो तिसरा, कुणाच्याच जोडीचा नाही, तो निवाडा करतो. इंग्रजीत तो 'अ नंपायर' झाला, आणि ऐकणाऱ्यांनी तोडलं भलत्या जागी, 'अ‍ॅन अंपायर'. न उडाला. म्हणजे बघा, टीव्हीवर 'थर्ड अंपायर' म्हणतात, पण शब्दाच्या मुळाशी जाल तर प्रत्येक अंपायर तिसराच आहे! 'एप्रन'चंही असंच, आधी 'नेप्रन' होता. उलटंही होतं. 'एकनेम' म्हणजे जोडनाव, त्याचं 'अ‍ॅन एकनेम'मधला न ओढून 'निकनेम' झालं.

आता इथं पुन्हा मी पूर्वी एक चूक करायचो. 'ऑरेंज'ही याच टोपलीत टाकायचो. नारिंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा, आणि इंग्रजांनी 'अ नॉरेंज'चं 'अ‍ॅन ऑरेंज' केलं म्हणायचो. नारिंगाचा प्रवास बरोबर आहे, संस्कृत नारंगापासून फारसी, अरबी करत तो गेला. पण त्याचा न इंग्रजांनी नाही खाल्ला. तो फ्रान्स-इटलीकडंच गळला होता, इंग्रजीत आला तेव्हाच तो 'ऑरेंज' होता. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो? परीक्षेत नाही पडत. मुलाखतीत, समोर जाणकार बाई असतील तर पडतो.

आणखी एक, 'मसल'. लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे उंदराचं पिल्लू. हात वाकवून दंड फुगवला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, रोमन माणसाला तिथं उंदीर दिसला. आता तुमच्या घरातल्या सहा-सात वर्षांच्या पोराला विचारा, दंड फुगवून काय दाखवतोस? तो म्हणेल, बेडकुळी. तिथं उंदीर, इथं बेडकी. कुणी कुणाचं पाहून केलं नाही, दोघांनीही आपापल्या दंडाकडं पाहिलं. हा शब्द मी गेल्या आठवड्यात दोन ठिकाणी सांगितला आणि दोन्ही ठिकाणी मोठी माणसं बाह्या सरसावून बघायला लागली.

बरं. त्या मुलाला मी काय सांगितलं? आधी माफी मागितली. मग म्हणालो, तुझा एक शब्द मी खोटा दिला, त्याच्या बदल्यात एक खरा देतो, आणि तो तुझ्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरचा आहे.

शब्द आहे 'डूलॅली'. इंग्लंडमध्ये आजही एखादा माणूस जरा सटकला, त्याचं डोकं फिरलं, की म्हणतात, तो 'डूलॅली' झाला. कोशात जाऊन बघा. मूळ शब्द, देवळाली. होय, आपली देवळाली कॅम्प. मुंबईहून निघालं की नाशिक रोडच्या आधीचं स्टेशन.

झालं होतं असं, की एकोणिसाव्या शतकात, १८६० च्या दशकात इंग्रजांनी तिथं लष्कराचा तळ केला. मुंबईला बोटीनं उतरणारे आणि मुंबईहून परत जाणारे गोरे शिपाई या तळावर थांबायचे. ज्याच्या नोकरीची वर्षं भरली त्याला देवळालीला पाठवायचे, तिथून बोटीवर. पण शिपायांना नेणाऱ्या बोटी वर्षभर सुटत नसत, त्यांचा हिवाळ्याचा ठरावीक हंगाम असायचा. हंगाम संपता संपता जो देवळालीत येऊन पडला त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत महिनोन्‌महिने तिथंच बसायचं. कवायत फारशी नाही, काम नाही, घर डोळ्यासमोर आणि बोट नाही. त्यात उन्हाळा. त्यात दारू. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्यानं १९३६ मध्ये 'ओल्ड सोल्जर साहिब' नावाचं आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात हे आलेलं आहे. चांगली वागणूक असलेली माणसं तिथं वाट बघता बघता बिघडायची, विचित्र वागायला लागायची. मग बाकीचे म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झालाय.

आणि हा टॅप काय? नळ नाही, टपलीही नाही. ताप! हिंदुस्तानी 'तप', आपला ताप. देवळालीचा ताप. पुढं इंग्लंडमधल्या माणसाला ना देवळाली माहीत ना ताप, त्याला वाटलं, डोक्यावर टपली बसल्यावर माणूस येडा होतो तसलं काहीतरी असेल. हळूहळू टॅप गळून पडला आणि नुसतं 'डूलॅली' उरलं. काही जण सांगतात की तिथं वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला. ऐकायला ते जास्त सरळ वाटतं. पण शिपायाच्या आठवणी इस्पितळाबद्दल नाहीत, वाट बघण्याबद्दल आहेत, आणि मला वाटतं शब्दाचं सगळं दुःख त्या वाट बघण्यातच आहे. सत्तरच्या दशकात बीबीसीनं एक विनोदी मालिका काढली, १९७४ ते १९८१ चालली, ती सुरू होते याच देवळालीच्या तळावर. म्हणजे तिकडं लोक हसले सुद्धा यावर.

हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, माझ्या आजोबांचं दुकान होतं तिथं, लॅम रोडला. आम्ही घरात म्हणतो, फार डोकं नको फिरवू, कॅम्पात पाठवीन." आता हे त्याच्या घरातलं बोलणं. त्याचा आणि 'डूलॅली'चा संबंध आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. दुसऱ्या चुकीला माझ्याकडं जागा नाही. त्याला मात्र म्हटलं, हे वाक्य आजोबा कधीपासून म्हणायचे, ते घरात विचारून वहीत तारखेनिशी लिहून ठेव.

वहीचं निघालंच आहे तर सांगतो. मी आता शब्दाची वही अशी ठेवतो. शब्द लिहितो. पुढं तो मला कुठं भेटला ते पूर्ण वाक्य. मग लिखाणात तो सर्वांत आधी कधी सापडतो ते साल. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे, तिथं बहुतेक वेळा मिळतं. मग वाटेतली गावं, म्हणजे कुठल्या भाषेतून कुठं. आणि शेवटी माझं स्वतःचं एक वाक्य, शक्यतो त्याच दिवशी कुणाला तरी बोलून दाखवलेलं. सालाची जागा रिकामी राहिली तर गोष्ट कितीही गोड असो, वर्गात सांगायची नाही. दिवसाला एकच शब्द होतो यानं. पूर्वी मी मुलांकडून दिवसाला तीस पाठ करून घ्यायचो. त्यातले किती राहिले असतील, ते आता विचारत नाही कुणाला.

कालचा शब्द होता 'मॉन्गूस'. याचं मूळ शोधायला कोश उघडला तर समोर छापलेलं, मराठी. मुंगूस! सतराव्या शतकात आपल्या भागात फिरून गेलेला जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर होता, त्याच्या १६९८ मध्ये छापलेल्या पुस्तकात तो येतो. 'गूस' म्हणजे हंसाशी त्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून अनेकवचन 'मॉन्गीस' होत नाही, 'मॉन्गूसेस' होतं. आपल्या पोरांनी हे स्पेलिंग घोकून घोकून पाठ केलं, आणि शब्द आपल्याच बांधावरून पळत गेलेला.

त्या मुलाची पुढच्या महिन्यात दुसरीकडं मुलाखत आहे. यावेळी तो देवळाली घेऊन जाणार आहे.

आणि ती रेल्वेवाल्यांची मुलगी. तिचा नंबर माझ्याकडं नाही. ती हे ऐकत असेल तर, बाई गं, तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तुला हसण्यावारी नेलं. बाकी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पणजोबांच्या पेटीत पी अँड ओ बोटीचं जुनं तिकीट असेल, तर फोटो काढून पाठवा. शिक्का असला तर पुढच्या भागात मी हे सगळं मागं घेईन. नसला तरी पाठवा, जुनं तिकीट बघायला मला आवडेल.

भेटू पुढच्या शनिवारी. नमस्कार.